ओकारीवरील औषधांची कहाणी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तेव्हा या वेळी काही माहितीपर लिहा, अशीही त्यांनी सूचना केली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही ज्या विषयाकडे माझे लक्ष गेली काही वर्षे लागून राहिले आहे, तोच येथे मांडण्याचे धाडस करीत आहे. विषय आहे ओकारीचा. म्हणजे ओकारी थांबविण्यासाठी इस्पितळात पूर्वी काय देत, पुढे काय देऊ लागले, आणि ते का बदलले याचा.

विषय ऐकून कोणी नाक मुरडील. पण आजारी माणसाच्या उशाशी रात्री भांडे धरून कोण बसते, याचा विचार करावा. घरी आपण बसतो आणि इस्पितळात परिचारिका बसतात. ताप अंकांत मोजता येतो, जखम डोळ्यांना दिसते. मळमळ मात्र ज्याची त्यालाच कळते. त्यामुळे ‘होतेच ते, थोडे सोसा’ असे म्हणून ती पुष्कळ काळ बाजूला सारली गेली. आपल्या मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्याशी वेळोवेळी झालेले बोलणे आणि वाचनालयातील पुस्तके यांच्या आधारे हा लेख तयार केला आहे.

आयुर्वेदात ओकारीला ‘छर्दी’ म्हणतात आणि चरकसंहितेत तिच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे उपायही ठाऊक आहेतच: साळीच्या लाह्यांचे पाणी, आल्याचा रस व लिंबू, वेलदोड्याची पूड मधातून, मोरपिसाची राख मधातून. यांतील आल्याची परीक्षा नव्या शास्त्रानेही केली आहे आणि गरोदरपणाच्या मळमळीवर त्याचा थोडाफार उपयोग होतो असे आढळले आहे. पण हे उपाय घरातल्या ओकारीचे. इस्पितळातील ओकारी ही निराळीच गोष्ट होती, कारण ती पुष्कळदा उपचारामुळेच होई.

तिची सुरुवात भुलीच्या औषधापासून झाली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि शस्त्रक्रिया वेदनेविना करता येते हे सर्वांसमोर दाखविले. पुढच्याच वर्षी, १८४७ च्या नोव्हेंबरात, एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. माणसाच्या दुःखावर हा केवढा मोठा विजय! पण शुद्धीवर येताच रोगी ओकू लागत. ईथर दिलेल्या दर चार रोग्यांपैकी तिघांना हा त्रास होई असे सांगतात. पोट भरलेले असताना भूल दिली तर ओकारी अधिक होते, हे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी १८४८ सालीच लिहून ठेवले होते. बेशुद्धीत ओकारी झाली तर ती श्वासनळीत जाऊन जीवावर बेतते. म्हणून शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याची शिस्त आली, आणि ती आजही आहे. घट्ट अन्न निदान सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. तेव्हा ‘एवढासा चहा दिला तर काय झाले’ असे म्हणून चोरून चहा पाजणाऱ्या नातेवाईकांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे आपल्या देशातील एका स्त्रीचे नाव अभिमानाने सांगावेसे वाटते. हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या जगातील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक. १८८९ साली क्लोरोफॉर्मची तपासणी करण्यासाठी हैदराबादला जे कमिशन बसले, त्याच्या कामात त्यांचा सहभाग होता.

त्या काळी परिचारिकेच्या हाती ओकारीवर खास असे औषध नव्हते. रोग्याची मान एका कुशीला वळविणे, किडनी ट्रे हनुवटीखाली धरणे, तोंड पुसून चूळ भरविणे, बर्फाचा खडा चघळावयास देणे, कपाळावर ओले फडके ठेवणे, एवढेच उपाय होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णसेवेवर लिहिलेल्या पुस्तकात, न खाल्लेले अन्न रोग्याच्या उशाशी तसेच ठेवून देऊ नये, असे बजावले आहे. अन्नाच्या नुसत्या दर्शनाने आणि वासाने मन विटते, हे त्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

पुढे पहिले खरे औषध सापडले ते जवळजवळ योगायोगाने. १९४७ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात अंगावर पित्ताच्या गांधी उठणाऱ्या एका बाईला नवे औषध दिले होते. त्या बाईला ट्राममध्ये बसले की मळमळत असे. औषध घेतल्यापासून ट्राममध्ये मुळीच त्रास होत नाही, असे तिने डॉक्टरांना सांगितले. डॉ. गे व डॉ. कार्लिनर यांनी ते बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या सैनिकांच्या जहाजावर त्यांनी काहींना हे औषध आणि काहींना नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन पाहिल्या. औषध घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना बोट लागली नाही. हेच ड्रामामाईन. एका बाईने आपला अनुभव नीट सांगितला आणि डॉक्टरांनी तो ऐकून घेतला, म्हणून हा शोध लागला. मला या साऱ्या कहाणीत ही गोष्ट फार मोलाची वाटते.

त्यानंतरचे दशक फ्रान्समधील औषधांचे. १९५० च्या डिसेंबरात तेथील रोन-पूलांक कंपनीत क्लोरप्रोमाझीन तयार झाले. १९५२ पासून ते मानसिक रोगांवर देऊ लागले आणि त्याने ओकारीही थांबते असे दिसून आले. त्याच कुळातील प्रोक्लोरपेराझीन लवकरच आले. त्याची स्टेमेटिल ही गोळी चक्कर व मळमळ यांसाठी आजही डॉक्टर लिहून देतात. त्याआधीचे प्रोमेथाझीन, म्हणजे फेनरगन, तेही इस्पितळातून फार चालले.

या औषधांनी ओकारी थांबे, पण रोगी पेंगत राही, रक्तदाब उतरे, उठून उभे राहताच घेरी येई. म्हणून सुई दिल्यावर रोग्याला एकट्याने मोरीकडे जाऊ द्यावयाचे नाही, हे परिचारिकांना शिकवावे लागले. फेनरगनची आणखी एक गोष्ट. ते शिरेतून देताना शिरेबाहेर गेले किंवा चुकून रोहिणीत गेले, तर मांस कुजते. अमेरिकेत २००० साली अर्धशिशीच्या मळमळीसाठी अशी सुई दिल्यामुळे वाद्यवादन हाच व्यवसाय असलेल्या एका बाईंचा हात कापावा लागला. त्यांचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्याच वर्षी त्या औषधावर ठळक इशारा छापण्यात आला. साध्या ओकारीची सुई, पण ती देणाऱ्या हातावर केवढी जबाबदारी असते पाहा.

ही औषधे काम कशी करतात, याचाही उलगडा त्याच सुमारास होऊ लागला. वांग आणि बोरिसन या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मेंदूच्या तळाशी एक लहानशी जागा आहे. रक्तात विषारी द्रव्य आले की ती ओकारीचा हुकूम सोडते. आपण तिला वेशीवरचा पहारेकरी म्हणू. या पहारेकऱ्याला आणि त्याच्या मागच्या ओकारीच्या केंद्राला निरनिराळ्या वाटांनी वर्दी पोचते. पोटातून एक वाट, कानातील तोल सांभाळणाऱ्या भागातून दुसरी, रक्तातून तिसरी, आणि मनातून चौथी. प्रत्येक वाटेवर निरोप नेणारे रसायन वेगळे. म्हणून गाडी लागण्यावरचे औषध कर्करोगाच्या औषधाने होणाऱ्या ओकारीला पुरत नाही. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्याला कशी चालेल?

आता या कहाणीतील सर्वांत दुःखाचे पान उलटावयाचे आहे. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारात आले. मुळात ते झोपेचे औषध. अत्यंत निर्धोक म्हणून त्याची जाहिरात झाली आणि सकाळच्या मळमळीसाठी गरोदर बायकांनाही ते देण्यात येऊ लागले. चार वर्षांत अनेक देशांतून ते विकले गेले. मग हातपाय खुंटलेली, खांद्यालाच पंजे फुटल्यासारखी मुले जन्मास येऊ लागली. जर्मनीचे डॉ. लेन्झ व ऑस्ट्रेलियाचे डॉ. मॅकब्राइड यांनी दोष या औषधाकडे असल्याचे सांगितले आणि १९६१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जर्मनी व इंग्लंड येथे ते मागे घेण्यात आले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांना बाधा झाली होती. कित्येक जन्मतःच गेली. कडक डोहाळ्यांतून सुटका व्हावी म्हणून डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवून गोळी घेतलेल्या त्या आयांचा काय अपराध होता?

अमेरिकेत मात्र हे औषध विक्रीस आले नाही. तेथील सरकारी औषध खात्यात डॉ. फ्रान्सिस केल्सी या बाई १९६० साली नुकत्याच रुजू झाल्या होत्या. कंपनीने पुन्हा पुन्हा तगादा लावला. पण पुरावा पुरेसा नाही, असे म्हणून त्यांनी परवानगी अडवून धरली. वाटलेल्या नमुन्यांमुळे तेथेही थोड्या मुलांना बाधा झाली, पण फार मोठा अनर्थ टळला. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा गौरव केला आणि त्याच वर्षी औषधाचा गुण व निर्धोकपणा आधी सिद्ध करून दाखविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. आज औषधाच्या कागदावर गरोदर स्त्रियांसाठी जी सूचना असते, तिच्यामागे ही मुले आहेत.

या धक्क्याचा उलटा परिणामही झाला. १९५६ पासून अमेरिकेत डोहाळ्यांच्या मळमळीवर बेन्डेक्टिन नावाची गोळी मिळत असे. थॅलिडोमाइडनंतर लोक तिच्याकडेही संशयाने पाहू लागले. खटल्यांवर खटले झाले आणि १९८३ साली कंपनीने ती बंद केली. पुढे अनेक अभ्यासांतून तिच्यामुळे व्यंग होत नाही असेच ठरले, आणि २०१३ साली तिच्यातील डॉक्सिलामीन व ब-६ जीवनसत्त्व ही जोडी अमेरिकेत पुन्हा मान्य झाली. आपल्याकडे हीच जोडी डॉक्टर पुष्कळदा लिहून देतात. तेव्हा डोळे झाकून घेणे जसे वाईट, तसे भीतीपोटी सारेच नाकारून गर्भारणीला पाण्याच्या थेंबावाचून वाळू देणे हेही वाईटच.

आता कर्करोगाकडे वळते. १९६४ साली फ्रान्समध्ये मेटोक्लोप्रामाइड पुढे आले. आपल्याकडे पेरिनॉर्म या नावाने ते घरोघर ठाऊक आहे. मग १९७८ साली अमेरिकेत सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधाला मान्यता मिळाली. औषध गुणकारी, पण ते घेतल्यावर जवळजवळ प्रत्येक रोगी ओकत असे, तेही दिवसभर. घरून निघताना, इस्पितळाचे फाटक दिसताच, सुई देणाऱ्या परिचारिकेचा चेहरा पाहताच रोग्याला ओकारी होई. बिचारी परिचारिका औषध देण्यास येई आणि तिचे येणेच रोग्याला शिक्षेसारखे वाटे. १९८१ साली डॉ. ग्राला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मेटोक्लोप्रामाइड खूप मोठ्या मात्रेत शिरेतून दिले तर ही ओकारी पुष्कळ कमी होते. पण त्याने काहींची मान वाकडी होई, डोळे वर फिरत, जबडा आखडे. तरुणांना व मुलांना हा त्रास अधिक. हे पाहून घरचे लोक घाबरून जात. आता हे औषध थोड्या मात्रेत आणि थोडेच दिवस देतात.

मी लहान असताना आमच्या एका आत्याबाईंना कर्करोग झाला होता. तीन वेळा औषध घेऊन त्यांनी चौथ्या वेळी जाण्याचे साफ नाकारले. ‘मरण आले तरी चालेल, पण ते ओकणे नको,’ असे त्या म्हणाल्याचे घरात पुढे पुष्कळ वर्षे बोलले जाई. त्या गेल्या. औषध पुरे घेतले असते तर त्या वाचल्या असत्या की नाही, हे कोण सांगणार? पण ओकारीपायी माणूस उपचार सोडतो, एवढे मला त्यावरून कळले. म्हणून ओकारीच्या औषधाला मी दुय्यम मानीत नाही.

या दुःखावर मोठा उतारा आला तो १९९० च्या सुमारास. ऑनडॅन्सेट्रॉन हे औषध इंग्लंडच्या ग्लॅक्सो कंपनीने शोधले. कर्करोगाच्या औषधाने आतड्यांतून सेरोटोनिन नावाचे द्रव्य सुटते आणि ते मेंदूला वर्दी देते. ऑनडॅन्सेट्रॉन ती वाटच अडविते. यात गुंगी नाही, मान वाकडी होत नाही. डोके दुखणे आणि बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे त्रास. आरंभी ते फार महाग होते. पुढे आपल्याकडील कंपन्या ते बनवू लागल्या, एमिसेटसारख्या नावांनी ते गावोगाव पोचले, आणि भारत सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. फार मोठी मात्रा एकदम दिल्यास हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो, म्हणून अमेरिकेत २०१२ साली शिरेतून देण्याची सर्वांत मोठी मात्रा बंद करण्यात आली.

२००३ साली अप्रेपिटंट आले. सिसप्लॅटिनची ओकारी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, रोगी घरी गेल्यावर उसळते, ती याने आवरते. त्यानंतर मनोविकारांवरील ओलान्झापिन हे जुने औषध मळमळीवर गुणकारी ठरले. पण १० मिलिग्रॅमच्या मात्रेने रोगी दिवसभर पेंगत. आपल्या मुंबईच्या परळ भागात १९४१ पासून चालत आलेल्या टाटा मेमोरियल इस्पितळातील डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम, म्हणजे चौथाई मात्रा देऊन पाहिली. ओकारी तितकीच आवरली आणि झोपाळूपणा कमी झाला. हे संशोधन २०२४ साली इंग्लंडच्या नामांकित मासिकात प्रसिद्ध झाले. गोळी लहान, खर्च कमी, आणि शोध आपल्या घरचा!

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाईंना असेच सलाईनमधून औषध घ्यावे लागले. तेव्हा मी त्यांच्यासोबत असे. सलाईन लावण्याच्या आधीच परिचारिका ओकारीची औषधे देत, घरी घ्यावयाच्या गोळ्या तारखा घालून लिहून देत आणि पुढच्या खेपेस विचारीत, ‘मळमळ शून्य ते दहा यांत किती होती?’ जाऊबाईंनी सर्व खेपा पुऱ्या केल्या. आत्याबाईंच्या काळात ओकारी झाल्यावर भांडे आणीत. आता ती होण्याआधी औषध देतात. माझ्या मते सर्वांत मोठा बदल हाच.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही असेच झाले आहे. डॉ. आप्फेल यांनी १९९९ साली चार प्रश्न ठरविले: रोगी स्त्री आहे काय, तंबाखू ओढत नाही काय, पूर्वी भुलीनंतर ओकारी झाली होती किंवा गाडी लागते काय, आणि नंतर अफूच्या जातीची वेदनाशामके द्यावी लागणार काय. एकही ‘होय’ नसेल तर दहांतील एकाला ओकारी होते. चारही ‘होय’ असतील तर दहांतील आठांना. आपण बायकांचा एक गुण तर जन्मतःच लागलेला! तेव्हा भुलीच्या डॉक्टरांनी विचारले असता ‘मला एस.टी. लागते’ हे सांगावयास लाजू नये. त्यावरूनच ते औषध ठरवितात. अलीकडे तर सुई देण्याआधी त्वचा पुसण्याचा स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून हुंगवला तरी मळमळ थोडा वेळ कमी होते, असे प्रयोगांनी दिसून आले आहे.

लहान मुलांविषयी दोन शब्द. जुलाब-ओकाऱ्यांत मुलाचा जीव जातो तो अंगातले पाणी गेल्याने. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ऑनडॅन्सेट्रॉनची एकच मात्रा दिल्यावर मुलांना मीठ-साखरेचे पाणी पोटात ठरू लागले आणि सलाईन लावण्याची गरज कमी पडली. पण मुख्य औषध ते पाणीच. चमच्या-चमच्याने, धीराने पाजावयाचे. हे काम आईचे आणि परिचारिकेचे. त्याला पर्याय नाही.

इतका इतिहास वाचून मी आपणापुढे तीनच गोष्टी ठेवते. पहिली, शेजारणीला लागू पडलेली ओकारीची गोळी आपण घेऊ नये. गर्भारणीने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज मुळीच नाही. ऑनडॅन्सेट्रॉनसुद्धा पहिल्या तीन महिन्यांत फार विचार करून देतात. दुसरी, मागे कोणत्या औषधाने मान आखडली, गुंगी आली, अंगावर उठले, त्याचे नाव कागदावर लिहून तो कागद जपून ठेवावा. तिसरी, मळमळ होत असेल तर मुकाट्याने सोसू नये. किती होते, केव्हा होते, कशाने वाढते हे परिचारिकेला स्पष्ट सांगावे. बाल्टिमोरच्या त्या बाईने सांगितले, म्हणून पुढच्या लाखो लोकांची सोय झाली.

आपल्या वस्तीतील ज्या मुली आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत, त्यांच्या हाती पूर्वीपेक्षा पुष्कळ औषधे आहेत. त्यांना माझे आशीर्वाद.